डीजेचं मशीन कुठलं घेऊ, मामा?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, डीजेचं मशीन घ्यायचंय. शिकायला. स्वस्तातलं. कुठलं घेऊ?"

मी विचारलं, "डीजे म्हणजे नक्की काय म्हणतोयस तू?" प्रश्न विचित्र वाटेल, पण सातारा-कराड पट्ट्यात तो विचारावाच लागतो. आमच्याकडं डीजे म्हणजे माणूस नव्हे, ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. तिला कुणी डीजे म्हणतं, कुणी डॉल्बी म्हणतं.

थोडं खोदल्यावर खरं बाहेर आलं. त्याच्या मित्रानं दोन वर्षांपूर्वी हप्त्यावर सेटअप घेतला होता. बेस, टॉप, ॲम्प्लिफायर, जनरेटर, सगळं. मागच्या मिरवणुकीत पोलिसांनी सेट जमा केला, तो सोडवता सोडवता सीझन गेला. आता मित्र म्हणतोय, "उरलेले हप्ते तू भर, सेट तुझा. मिक्सिंगचं मशीन फुकट देतो." उरलेले हप्ते तीन लाख चाळीस हजारांचे. भाचा वीस वर्षांचा. माझी बहीण शिवणकाम करते.

मी त्याला फोनवर जे सांगितलं ते विस्तारानं इथं लिहितोय. कारण हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. गावोगावची पोरं या वयात याच दुकानासमोर उभी आहेत. आणि नवख्यानं कुठलं यंत्र घ्यावं, याचं उत्तर दुकानदारापेक्षा इतिहास जास्त प्रामाणिकपणे देतो, असं माझं मत झालंय.

माझ्या वडिलांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा होता. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, एक रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांची पत्र्याची ट्रंक. रेकॉर्ड संपली की दुसरी लावेपर्यंत शांतता व्हायची. ती शांतता वडील माईकवर भरून काढायचे. "अमक्या पाहुण्यांकडून नवरदेवाला अकरा रुपये" वगैरे. ही दोन गाण्यांमधली शांतता लक्षात ठेवा. डीजेचा सगळा इतिहास म्हणजे ती शांतता बुजवायची धडपड आहे.

'डिस्क जॉकी' हा शब्द १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकांसाठी आला. म्हणजे त्या अर्थानं रेडिओ सिलोनवरून १९५२ पासून बिनाका गीतमाला सादर करणारे अमीन सयानी हे आपल्या ओळखीचे पहिले डीजे. हातात तबकडी, समोर माईक, आणि ताकद कशात? गाणं निवडण्यात आणि ते सांगण्यात.

मग डीजे स्टुडिओतून रस्त्यावर कुठं आला? जमैकात. १९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये जिवंत बँड बोलावणं परवडायचं नाही. मग लोकांनी तबकडी, ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर घेऊन रस्त्यावर नाच सुरू केले. त्याला साऊंड सिस्टिम म्हणतात. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे तिथले दोन नामांकित प्रतिस्पर्धी. दोन सिस्टिम समोरासमोर आल्या की चुरस लागायची. आपल्याकडच्या डीजेच्या स्पर्धेची ही थोरली भावंडं. फरक एकच. तिथं आवाजाबरोबर गाण्यावरही चुरस होती. आपल्याकडची तबकडी प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून हे लोक तिच्यावरचं लेबल खरवडून काढायचे.

याच किंग्स्टनमध्ये १९५५ साली जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा मुलगा १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आला. पुढं जगानं त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखलं. ११ ऑगस्ट १९७३ ला त्याच्या बहिणीनं, सिंडीनं, शाळेच्या नव्या वर्षाच्या कपड्यांचे पैसे जमवायला इमारतीतला हॉल भाड्यानं घेऊन पार्टी ठेवली. पत्ता, १५२० सेजविक ॲव्हेन्यू. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. साऊंडचं सामान वडिलांचं. हिप-हॉपचा जन्म याच पार्टीत झाला असं मानलं जातं.

हर्कनं केलं काय? त्यानं पाहिलं की गाण्यात मधेच गायक थांबतो, फक्त ढोल-बेस वाजतो, तेव्हा पोरं सगळ्यात जोरात नाचतात. पण तो तुकडा काही सेकंदांचा. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागं फिरवायची. पाच-दहा सेकंदांचा तुकडा पाच मिनिटांचा झाला. या शोधाला पैसा लागला नाही. नाचणाऱ्यांकडं नीट बघणारा माणूस लागला.

त्याच ब्रॉन्क्समध्ये जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, वोकेशनल शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. आपल्या आयटीआयसारखं समजा. त्याची अडचण वेगळी होती. दुसरी रेकॉर्ड नेमकी कुठून सुरू करायची हे लोकांना ऐकू न जाता आपल्याला आधी ऐकू यायला हवं. विकत घ्यायला पैसे नव्हते. भंगारातले स्टिरिओ, टाकून दिलेले स्पीकर यांचे सुटे भाग काढून त्यानं स्वतःच एक स्विच बसवला. लोकांना एक रेकॉर्ड ऐकू येतेय, माझ्या हेडफोनमध्ये दुसरी. अशी सोय न्यूयॉर्कच्या महागड्या क्लबांत होती, ब्रॉन्क्सच्या पोराला ती घरी करावी लागली. आज पाच आकडी किमतीच्या मशीनवर 'क्यू' लिहिलेलं जे बटण असतं ना, ते हेच काम करतं.

ही मंडळी बागेत पार्टी करायची तर वीज कुठून? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून. आपल्या आकड्याची आठवण झाली ना?

या कथेला एक काळी बाजूही आहे. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली आणि दुकानं लुटली गेली. त्या रात्रीनंतर ब्रॉन्क्समध्ये डीजेंची संख्या एकदम वाढली, असं तिथली जुनी मंडळी सांगतात. मिक्सर उचलल्याचं काहींनी पुढं स्वतःच कबूल केलं. मी चोरीचं समर्थन करत नाही. पण यंत्राची किंमत आणि पोराची ऐपत यातली दरी किती मोठी होती, हे त्या रात्रीनं दाखवलं. आपल्याकडं ती दरी हप्त्यानं बुजवतात.

आता यंत्राकडं येऊ. जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये मोटर एका बाजूला आणि रबरी पट्ट्यानं फिरणारी थाळी दुसऱ्या बाजूला. पट्टा सैल पडतो, थाळी हातानं थांबवून सोडली की वेग घ्यायला वेळ लागतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीनं (आजची पॅनासोनिक) मोटर थेट थाळीखाली बसवली. त्यांच्या टेक्निक्स नावाखाली १९७२ मध्ये एसएल-१२०० आला. तो डीजेसाठी नव्हताच, घरात शांतपणे संगीत ऐकणाऱ्या शौकिनांसाठी होता. डीजेंनी तो पळवला. कंपनीनं हे पाहिलं आणि १९७९ मध्ये एमके-२ काढला. त्यात वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी होती. दोन गाण्यांचा ठेका जुळवायचं हत्यार ते हेच. पुढची तीस वर्षं जगातल्या बहुतेक क्लबांत तोच होता. २०१० मध्ये उत्पादन थांबलं. २०१६ मध्ये पुन्हा आला, तेव्हा अमेरिकेत किंमत ४००० डॉलर. वस्तीतल्या पोरांनी नावारूपाला आणलेलं यंत्र हौशी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेलं.

पण तोवर गरीब पोरांनी दुसरी वाट शोधलेली होती. रोलँड कंपनीनं १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस गिटारचा आवाज मिळावा म्हणून. आवाज अजिबात बेस गिटारसारखा आला नाही. १९८४ मध्ये उत्पादन बंद. सेकंडहँड बाजारात मातीमोल भाव. शिकागोच्या तीन पोरांनी ते उचललं, बटणं वेडीवाकडी फिरवली, आणि १९८७ मध्ये त्यातून 'ॲसिड ट्रॅक्स' नावाची रेकॉर्ड निघाली. ॲसिड हाऊस नावाचा अख्खा संगीतप्रकार एका फसलेल्या, स्वस्त यंत्रातून उभा राहिला. ब्रॉन्क्सचा भंगारातला स्विच, शिकागोचं फसलेलं यंत्र, दोन्ही गोष्टी एकच सांगतात.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात परदेशी मंडळी रात्रभर वाजवायची. तिथल्या उन्हात आणि धुळीत विनाइलच्या तबकड्या टिकत नाहीत, वाकतात. म्हणून ते कॅसेटवर वाजवायचे, पुढं डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर. गोवा गिल हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. टेपवर ठेका जुळवायची सोय नसते, म्हणून एका गाण्याचा शांत शेवट आणि दुसऱ्याची शांत सुरुवात नेमकी जोडायची. त्यातून गोवा ट्रान्स जगभर गेला. म्हणजे टर्नटेबल नसतानाही डीजे होता आलं.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९९४ मध्ये पायोनियरनं सीडी वाजवणारं सीडीजे-५०० काढलं. २००१ च्या सीडीजे-१००० वर सीडी तबकडीसारखी हातानं मागंपुढं फिरवता येऊ लागली. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोनं लॅपटॉपमधली गाणी खऱ्या टर्नटेबलवरून चालवायची सोय बाजारात आणली. मग 'कंट्रोलर' आले. दोन चकत्या, मधे मिक्सर, सगळं एका ताटाएवढ्या पेटीत, आणि मेंदू लॅपटॉपमध्ये. पायोनियरचा डीडीजे-४०० हा नवख्यांचा कंट्रोलर २०१८ मध्ये अमेरिकेत २४९ डॉलरला आला. आणि मिक्स नावाचं सॉफ्टवेअर तर २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चक्क फुकट आहे. फ्लॅशला जे भंगारातून जुळवावं लागलं, ते आज जुन्या लॅपटॉपवर एक पैसा न देता मिळतं.

मग आपल्याकडं तीन लाख चाळीस हजार कुठून आले?

भिंतीमुळं. जगात यंत्र स्वस्त होत गेलं, आपल्याकडं डीजे महाग होत गेला. कारण आपण वाजवणाऱ्याऐवजी वाजणाऱ्या वस्तूला डीजे म्हणायला लागलो.

यातली सगळ्यात मोठी थट्टा 'डॉल्बी' या शब्दाची. रे डॉल्बी या अमेरिकन इंजिनिअरनं १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली. त्या कंपनीचा पहिला शोध काय होता? टेपवरची खरखर कमी करण्याचा. ज्याचं नाव नको असलेला आवाज काढून टाकण्यासाठी झालं, त्याचंच नाव आपण खिडक्यांची तावदानं हादरवणाऱ्या भिंतीला दिलं.

आता हिशोब बघा, कारण हा हिशोब कुठलाच विक्रेता सांगत नाही. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला जेमतेम कळेल एवढा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट ताकद. समोरच्या मंडळाच्या सेटपेक्षा आपला 'डबल' वाजायला हवा असेल, तर खर्चाचा आकडा कुठं जाईल ते तुम्हीच बघा. या शर्यतीत कर्ज दुप्पट होतं आणि आवाज बोटभर वाढतो. म्हणून ही शर्यत कुणीच जिंकत नाही. जिंकलाच तर सामान विकणारा.

कानाचा हिशोबही तसाच. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था सांगते की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढं प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मिरवणूक किती तास चालते? आणि ऑपरेटर पोरगा त्या भिंतीपासून किती फुटांवर उभा असतो? शिकायला निघालेल्या डीजेचं सगळ्यात महागडं यंत्र त्याचा कान. ते हप्त्यावर पुन्हा मिळत नाही.

कायदा तर जुनाच आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला उघड्यावर बंदी. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये साऊंड व्यावसायिकांनी विसर्जन मिरवणुकीत डीजेला परवानगी मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयानं दिलासा दिला नाही.

व्यावसायिकांची बाजू मला कळते. आमच्या घरात चूल त्याच धंद्यावर पेटायची. पण मला प्रश्न पडतो तो असा. हे नियम इतकी वर्षं असताना भिंतीसाठी कर्ज मिळतं, विमा मिळतो, मंडळाची सुपारी मिळते, पुढारी वाढदिवसाला तीच भिंत बोलावतात. आणि कारवाई होते तेव्हा सेट जातो तो फक्त त्या पोराचा. सुपारी देणाऱ्याचं नाव कुठंच येत नाही. हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला येतोच.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, तुझं बरोबर आहे. पण ताटाएवढ्या पेटीवर लग्नाची सुपारी कोण देणार? लोक पहिला प्रश्न विचारतात, बेस किती?"

खोटं नाही बोलला. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी की क्लबात वाजवणारा डीजे सहसा स्वतःची भिंत घेऊन फिरत नाही. क्लबमध्ये साऊंड क्लबचा असतो, कार्यक्रमात तो भाड्यानं येतो. डीजे येतो हेडफोन आणि गाणी घेऊन. काम मिळालं की तेवढ्या दिवसापुरता साऊंड भाड्यानं घे. सीझन बुडाला तर भाडं वाचतं, हप्ता वाचत नाही.

दुसरी म्हणजे आधी शिक. आणि शिकायला काय लागतं ते यादी करून सांगितलं. ज्याला उपयोग असेल त्यानं घ्यावी.

आधी काहीच विकत घेऊ नकोस. बहिणीच्या लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर टाक आणि महिनाभर कीबोर्डवर दोन गाण्यांचा ठेका जुळवून बघ. महिन्यात कंटाळा आला तर लाखभर रुपये वाचले.

कंटाळा नाही आला, तर साधा दोन चॅनेलचा कंट्रोलर घे. बघायच्या गोष्टी तीनच. साऊंड कार्ड आतच आहे ना, म्हणजे स्पीकरला वेगळा आणि हेडफोनला वेगळा आवाज जातो ना. वेगाची सरकपट्टी बोटभर तरी लांब आहे ना, कारण अगदी आखूड पट्टीवर ठेका बारकाईनं जुळत नाही. आणि सोबत मिळणारं सॉफ्टवेअर पूर्ण आहे की अर्धवट, पुढं त्याचे वेगळे पैसे पडणार का. चार चॅनेल, रंगीत दिवे, मोठ्या चकत्या, हे नंतर.

सेकंडहँड चालेल. पण दुकानात नाही, वाजवून दाखवणाऱ्याकडून. प्रत्येक सरकपट्टी हळू सरकवून खरखर येते का ऐक, प्रत्येक बटण दाब.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा घे, आणि वायरचाच. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर उशिरा येतो. तेवढ्यानं ठेका चुकतो, आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

स्पीकर? घरातला जो असेल तो. त्यालाही वायर लाव. शेजाऱ्याला ऐकू जायची गरज नाही.

आणि शेवटची, फुकटची गोष्ट. गाणी जमव. लेझीमची, हलगीची, भजनाची, जुन्या लोकनाट्यांची. शहरातल्या कुठल्याही पोराकडं पायोनियर असेल, पण तुझ्या आज्याच्या ट्रंकेत ज्या तबकड्या आहेत त्या नसतील.

भाचा "बघतो" म्हणाला. मित्राला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय त्याला. बहिणीला मी वेगळा फोन केला नाही. पोरगं वीस वर्षांचं आहे, निर्णय त्याचा त्यानं घ्यावा. पण ते हप्ते त्यानं अंगावर घेतले तर चूक त्याच्या एकट्याची असेल, असं मी म्हणणार नाही.

कारण "बेस किती?" हा प्रश्न त्यानं तयार केलेला नाही. तो आपण विचारतो. मंडळाच्या बैठकीत, लग्नाच्या याद्या करताना, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. सुपारी देताना एकदा "बेस किती?" ऐवजी "वाजवणार कोण आणि काय वाजवणार?" असं विचारून बघा. यंत्र आपोआप ताटाएवढं होईल. पोरांचं कर्जही.